डिझेल स्विफ्ट आणि लॅम्बोर्गिनी हुराकान: ० ते १०० पिकअप मोजणीच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२३ : गाड्या आणि नियम

पहिली गाडी मारुती स्विफ्ट डिझेल. १,२४८ सीसी, ४,००० आरपीएमला ७५ पीएस (अश्वशक्ती), २,००० आरपीएमला १९० न्यूटन-मीटर टॉर्क, पाच गिअर, ताकद पुढच्या चाकांना. इंजिन फियाटचं १.३ मल्टीजेट. हेच इंजिन पुण्याजवळ रांजणगावच्या फियाट कारखान्यातही बनत असे आणि मारुती, टाटा, फियाट अशा तिन्ही कंपन्यांच्या गाड्यांत बसलं. इंडिका व्हिस्टा, रिट्झ, पुंटो, डिझायर यांपैकी काही हाताशी असेल तर खालचे डिझेलचे आकडे थोड्या फरकाने तिलाही लागू पडतील.

दुसरी लॅम्बोर्गिनी हुराकान एलपी ६१०-४. ५,२०४ सीसीचं व्ही-१० पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, ८,२५० आरपीएमला ६१० पीएस, ६,५०० आरपीएमला ५६० न्यूटन-मीटर, सात गिअरचा ड्युअल क्लच, ताकद चारही चाकांना. कंपनीचे आकडे: ० ते १०० ला ३.२ सेकंद, ० ते २०० ला ९.९ सेकंद.

छापील आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही. कोणी गाडी हलल्यापासून घड्याळ लावतं, कोणी पहिला एक फूट सोडून. कोणी एकटा चालक बसवतो, कोणी दोन माणसं. म्हणून दोन्ही गाड्यांना एकच यंत्र, एकच पट्टी, सकाळची एकच वेळ आणि सुरुवातीची एकच व्याख्या, असं आधीच ठरवलं. ते लिहूनही ठेवलं, कारण आकडे हातात आल्यावर नियम वाकवावासा वाटतो.

सार्वजनिक रस्त्यावर हे काम करायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली राज्य सरकारच्या लेखी परवानगीविना वेगाची शर्यत किंवा चाचणी हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे रस्त्यावर समोरून कोण येईल ते आपल्या हातात नसतं. खासगी धावपट्टीवर सकाळची वेळ भाड्याने घ्यायची असं ठरलं. एकूण खर्चात सगळ्यात मोठा आकडा त्याचाच आहे: आमच्या वाट्याला ८,००० रुपये.

२५ नोव्हेंबर : मोबाईल ॲप बाद, लॉगरचं सामान

आधी मोबाईलवरची फुकट ॲप चालवून पाहिली. बहुतेक फोन जीपीएसचा वेग सेकंदाला एकदाच देतात. डिझेलला शंभरपर्यंत जायला चौदा सेकंद लागतात, म्हणजे चौदा बिंदू मिळतात, त्यावर अंदाज बांधता येतो. हुराकानला मिळतील तीन. तीन बिंदूंवरून दशांश सेकंदाचं उत्तर सांगणारं ॲप मधली जागा अंदाजाने भरतं, म्हणून ते बाद.

डॅशबोर्डच्या काट्यावर व्हिडिओ लावून मोजणं तर त्याहून वाईट. यूएनच्या ३९ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही, पण खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किमी इतकं जास्त दाखवलं तरी चालतं. खरा वेग १०० असताना काटा ११४ पर्यंत असू शकतो. आमच्या स्विफ्टचा काटा खऱ्या १०० ला १०६ वर असतो. शेवटचे सहा किलोमीटर चढायला या गाडीला सव्वा ते दीड सेकंद लागतो, म्हणजे काट्यावर मोजली असती तर ती आयती तेवढी वेगवान ठरली असती.

म्हणून लॉगर, म्हणजे वेग आणि वेळ नोंदवून ठेवणारी डबी, स्वतःच बनवायचं ठरलं. घेतलेलं सामान:

ईएसपी३२ बोर्ड (सगळं चालवणारा छोटा संगणक) ४५० रुपये
निओ-एम८एन जीपीएस, छतावर बसणाऱ्या अँटेनासह १,३००
एमपीयू६०५० ॲक्सिलरोमीटर (प्रवेग मोजणारा सेन्सर) १८०
एसडी कार्डाचं मॉड्यूल ७०, कार्ड ३५०
ईएलएम३२७ ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा) ६००
डबी, वायर, रेझिस्टर, हेडर पिना २५०

यात आणखी ६५० रुपये वाया गेलेले धरा. आधी आलेल्या स्वस्त जीपीएसवर नाव एम८एनचंच होतं, पण ते पाच हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला पाच वाचनांच्या, वर गेलंच नाही, आणि वीज काढली की केलेली सेटिंगं विसरत होतं. बाजारात असे तुकडे भरपूर आहेत. ओळखायची सोपी युक्ती: दहा हर्ट्झची सेटिंग पाठवा, ती जतन करण्याचा आदेशही द्या, वीज काढून पाच मिनिटांनी परत जोडा आणि किती हर्ट्झ येतंय ते बघा. आपलं मॉड्यूल अस्सल असलं तरी प्रोग्रॅममध्ये प्रत्येक सुरुवातीला सगळी सेटिंगं पुन्हा पाठवलेली बरी.

२ डिसेंबर : जीपीएसची सेटिंगं

मॉड्यूल कारखान्यातून ९६०० बॉडवर (बॉड म्हणजे वायरीवरून डेटा जाण्याचा वेग), सेकंदाला एक वाचन असं येतं. दर नुसता दहा हर्ट्झ केला तर ओळी अर्धवट तुटून येतात. कारण सरळ गणितात आहे. ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. नेहमीची एनएमईए वाक्यं (जीपीएसचे सर्वसाधारण मजकुरी संदेश) प्रत्येक वाचनाला चारेकशे बाइट घेतात, दहा वाचनांना चार हजार. ती सगळी बंद करून फक्त यूबीएक्सचा, म्हणजे मॉड्यूलच्या स्वतःच्या भाषेतला, नॅव्ह-पीव्हीटी संदेश ठेवला तरी तो १०० बाइटांचा, म्हणजे सेकंदाला हजार. तोही ९६० मध्ये मावत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी बॉड ११५२०० करा, मग एनएमईए बंद, मग नॅव्ह-पीव्हीटी चालू, आणि सगळ्यात शेवटी दर १०० मिलिसेकंद.

आणखी तीन गोष्टी. एम८एनला दहा हर्ट्झ हवे असतील तर एकच उपग्रहसमूह ठेवावा लागतो. आम्ही ग्लोनास (रशियाचे उपग्रह) बंद करून फक्त जीपीएस ठेवलं. डायनॅमिक मॉडेल ‘ऑटोमोटिव्ह’वर न्या. आणि वेग दोन जागांमधल्या अंतरावरून काढू नका. संदेशात जीस्पीड नावाचा रकाना आहे, मिलिमीटर प्रति सेकंदात. तो डॉप्लरवरून, म्हणजे उपग्रहाच्या लहरींच्या वारंवारतेतल्या बदलावरून, येतो आणि जागेपेक्षा कितीतरी नेमका असतो. शेजारी एसॲक नावाचा रकाना वेगातली संभाव्य चूक सांगतो. ती सेकंदाला ०.२ मीटरच्या वर गेलेली धाव आम्ही मोजणीत धरत नाही.

ईएसपी३२ वर सीरियलचा बफर (जीपीएसकडून येणारा डेटा तात्पुरता साठवण्याची जागा) मुळात २५६ बाइटांचा असतो. तो २०४८ करा, आणि ही ओळ सीरियल सुरू करणाऱ्या ‘बिगिन’च्या आधी लिहा. नंतर लिहिली तर काही उपयोग होत नाही.

९ डिसेंबर : डेटामधल्या फटी, बंद पडणारी पॉवर बँक

सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारून फाईल तपासली. मध्येच पाव-पाव सेकंद गायब. दोष जीपीएसचा नव्हता, एसडी कार्डाचा होता. कार्ड अधूनमधून आतली आवराआवर करतं आणि तेवढा वेळ लिखाण अडवून धरतं. तोवर येणारी वाचनं सांडतात. उपाय: वाचनं आधी रॅममधल्या गोल बफरमध्ये टाकायची, आणि कार्डावर लिहिणारं काम ईएसपी३२ च्या दुसऱ्या कोअरवर वेगळं चालवायचं, एका वेळी ५१२ बाइटांचा ठोकळा. त्यानंतर एकही फट दिसली नाही.

वीज गाडीच्या सॉकेटमधून घेऊ नका. स्टार्टर मारताना व्होल्टेज कोसळतं आणि लॉगर रीसेट होतो. पॉवर बँकेचा त्रास वेगळा: लॉगर इतका कमी करंट घेतो की पॉवर बँकेला वाटतं फोन भरला, आणि ती स्वतःहून बंद होते. पाच व्होल्टच्या दोन तारांमध्ये ४७ ओहमचा रेझिस्टर आडवा टाकला. त्यातून शंभरेक मिलिॲम्पिअर जास्त वाहतात, बँक जागी राहते. रेझिस्टर एक वॉटचा घ्या. पाव वॉटचा घातला तर जळतो, कारण त्यात अर्धा वॉट उष्णता होते.

१६ डिसेंबर : गाडी ‘सुटली’ कधी?

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो घालवायलाच हवा होता. १०० चा क्षण काढणं सोपं आहे: १०० च्या लगेच आधीच्या आणि नंतरच्या बिंदूंमध्ये सरळ रेष मारली की झालं. शून्याचा क्षण अवघड. जीपीएस अगदी कमी वेगात डळमळतं, उभ्या गाडीलाही ताशी अर्धा किलोमीटर दाखवतं.

म्हणून सुरुवात ॲक्सिलरोमीटरवरून, सेकंदाला २०० वाचनं. पहिली अडचण डिझेलची: निष्क्रिय फिरतानाही इंजिनाचा थरकाप इतका की उभ्या गाडीतच ‘सुटली’ असा इशारा येत राहिला. दहा वाचनांची सरासरी घेतली, तीही ०.०८ जीच्या (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) वर टिकली तरच सुरुवात धरली, आणि तिथून मागे जाऊन आलेख शून्यावरून जिथे उचलला तो बिंदू घेतला. डबी डॅशबोर्डवर नुसती न ठेवता सीटच्या रुळाला घट्ट बांधली. एमपीयू६०५० मुळात ±२ जीवर असतो. हुराकानसाठी ±४ केला, कारण सुटतानाच्या धक्क्यांची टोकं दोनच्या वर जातात आणि कापली जातात.

ॲक्सिलरोमीटरवरूनच पूर्ण वेग काढू नये का, असं कोणीही विचारेल. नको. रेस दिली की गाडीचं नाक वर उचलतं आणि सेन्सर कलतो. दोन अंशांचा कल म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा ०.०३५ भाग, सेकंदाला ०.३४ मीटर प्रति सेकंद इतका खोटा प्रवेग. स्विफ्टचा १०० पर्यंतचा सरासरी प्रवेगच १.९ आहे. म्हणजे चूक सतरा-अठरा टक्क्यांची.

दुसरी अडचण: दोन घड्याळं. जीपीएसचा संदेश ज्या क्षणाचा असतो त्यानंतर काही वेळाने तो ईएसपी३२ पर्यंत पोचतो. आलेखात ॲक्सिलरोमीटर आधी उचलला आणि जीपीएसचा वेग जवळजवळ दीड दशांश सेकंदाने मागून आला. डिझेलच्या वेळेत हा एक टक्का. हुराकानच्या वेळेत चार. यावर इलाज पीपीएस पिनेचा: जीपीएस दर पूर्ण सेकंदाला एक अचूक ठोका देतं. आमच्या बोर्डावर ती पिन बाहेर काढलेली नव्हती, फक्त लुकलुकणारा एलईडी होता. त्या एलईडीच्या रेझिस्टरच्या चिपकडच्या टोकाला पातळ वायर डाग देऊन जोडली आणि ईएसपी३२ च्या इंटरप्टवर (ठोका येताक्षणी नोंद घेणाऱ्या पिनेवर) नेली. ठोक्याची मायक्रोसेकंदातली वेळ आणि संदेशातली आयटॉ नावाची जीपीएसची वेळ जुळवली की दोन्ही घड्याळं एक होतात. डाग देताना टोकदार बिट वापरा. तो रेझिस्टर तांदळाच्या कणीपेक्षा लहान आहे आणि जास्त तापवला तर पॅडसकट उचकटतो.

एक फुटाच्या सवलतीबद्दल. अमेरिकेतल्या ड्रॅग पट्ट्यांवर प्रकाशकिरण तुटून घड्याळ सुरू होतं, तोवर गाडी सुमारे फूटभर पुढे गेलेली असते. पुष्कळ चाचण्यांत हा वेळ अजूनही वजा करतात. सेकंदाला ९ मीटर प्रति सेकंद प्रवेगाने सुटणाऱ्या गाडीला पहिला फूट कापायला ०.२६ सेकंद लागतो आणि तेव्हा ती ताशी ८ किमीच्या वर असते. स्विफ्टला साधारण ०.४५ लागतो. वजाबाकी केली तर सुपरकारचा वेळ आठ टक्क्यांनी घटतो, डिझेलचा तीन टक्क्यांनी. आम्ही ही सवलत दोघींनाही दिलेली नाही. खालचे सगळे आकडे चाक हलल्यापासूनचे.

२३ डिसेंबर : डिझेलची तयारी, फुटलेला दाब

ओबीडी अडॅप्टरवरून आरपीएम, मॅनिफोल्डचा दाब (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा) आणि पॅडलची स्थिती घेतली. स्वस्त अडॅप्टर सेकंदाला जेमतेम चार-पाच वाचनं देतो, त्यामुळे एका वेळी तीनच्या वर काही मागू नका. त्यावरचा वेग पूर्णांकात येतो, तो घेतलाच नाही.

तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिल्यावर मॅनिफोल्डचा दाब चढायचा आणि ३,००० आरपीएमनंतर हळूच खाली सरकायचा. पॅडल दाबलेलंच. गाडीत बसलेल्याला काही जाणवत नव्हतं, धूरही नेहमीचा. टर्बोकडून इंजिनाकडे येणाऱ्या रबरी नळीच्या क्लिपपाशी तेलाचा ओलसर काळा डाग सापडला. तिथून दाब निसटत होता. क्लिप बदलून घट्ट केली, सोबत एअर फिल्टर नवा. कमाल दाब सुमारे १५ किलोपास्कलने वाढला आणि टिकूनही राहिला. जुन्या डिझेलची मोजणी करणाऱ्याने हे आधी तपासावं, नाहीतर आपण गाडी नव्हे, फुटकी नळी मोजत असतो.

वजन: वजनकाट्यावर चालक, अर्धी टाकी आणि सामानासह १,१९० किलो. पावतीचे १०० रुपये. काट्याचा छोट्यात छोटा टप्पा दहा किलोचा, एवढी सूट पुरते.

गिअरचे दात मोजत बसायची गरज नाही. प्रत्येक गिअरमध्ये गाडी एका वेगाला स्थिर ठेवून जीपीएसचा वेग आणि आरपीएम यांचा भागाकार करा. १,००० आरपीएमला मिळालेला वेग असा: पहिला ८.२ किमी/तास, दुसरा १५.२, तिसरा २३.५, चौथा ३१.७, पाचवा ३९.९. पुढचं अर्ध गणित याच पाच आकड्यांवर उभं आहे.

६ जानेवारी २०२४ : धावपट्टी, डिझेल

सकाळी तापमान १८ अंश, हवेचा दाब ९४३ हेक्टोपास्कल. म्हणजे हवेची घनता घनमीटरला १.१३ किलो, समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा आठ टक्क्यांनी पातळ. देशावर सहाशे मीटर उंचीला हे असंच असणार. डिझेलचा टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो. हुराकानला टर्बो नाही, तिची ताकद जवळपास तितकीच घटते.

पट्टी डोळ्यांना सपाट वाटते, पण गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी वीस मीटरवर धरली तर दहा सेंटिमीटर फरक आला. अर्ध्या टक्क्याचा उतार. एकाच दिशेने मोजायचं नाही हे तिथेच पक्कं झालं.

टायर थंड असताना शिफारशीप्रमाणे हवा, एसी बंद, काचा वर, स्टेपनी जागेवर.

सुटण्याची पद्धत. १,५०० आरपीएमवर क्लच सोडला तर गाडी बसते: टर्बो अजून जागा नाही, आरपीएम हजाराकडे घसरतं आणि दाब तयार होईपर्यंत सेकंदभर नुसता जातो. ३,००० वर सोडला तर पुढचं एक चाक जागच्या जागी फिरतं, रबराचा वास येतो, वेळ पुन्हा तेवढाच. २,२०० ते २,४०० मध्ये क्लच अर्ध्या सेकंदात सोडला तेव्हा सगळ्यात चांगलं जमलं. प्रत्येक धावेनंतर क्लचला दहा मिनिटं निवू द्या. सलग दोन-तीन धावांत जळका वास येतो, आणि त्यानंतरचे आकडे क्लच सरकल्यामुळे खोटे असतात.

गिअर कधी टाकायचा. ४,८०० पर्यंत ताणणं व्यर्थ, चार हजारांनंतर हे इंजिन थकतं. ४,२०० वर टाकला तर पहिला ३४ वर संपतो, दुसरा ६४ वर, आणि तिसरा ९९ वर. शंभराच्या तोंडाशी चौथा टाकावा लागतो आणि त्यात अर्धा सेकंद जातो. म्हणून तिसरा ४,३०० पर्यंत ओढायचा. १०० ला आरपीएम ४,२५५ असतं, तेवढ्यात काम होतं.

वेळा, चढाकडे १४.८ आणि उताराकडे १४.०. सरासरी:

० ते ६० : ६.३ सेकंद
० ते ८० : ९.८
० ते १०० : १४.४
कापलेलं अंतर सुमारे २४५ मीटर

१४.४ पैकी १.२ सेकंद दोन गिअर बदलण्यात गेले. शेवटचे ८० ते १०० एकटे ४.६ सेकंद खातात.

नंतर न्यूट्रलमध्ये गाडी सोडून १०५ वरून ९५ पर्यंत उतरायला लागणारा वेळ दोन्ही दिशांना मोजला: सरासरी ७.४ सेकंद. १० किमी/तास भागिले ३.६ भागिले ७.४, गुणिले १,१९०. साधारण ४५० न्यूटन. शंभराच्या वेगाला हवा आणि टायर मिळून गाडीला इतकं मागे ओढतात.

चौथ्या गिअरमध्ये ६० ते १०० ला ८.१ सेकंद लागले, तिसऱ्यात ६.९. ओव्हरटेक करताना चौथ्यातच रेटणाऱ्यांनी हे दोन आकडे बघावेत.

७ जानेवारी : हुराकान

आदल्या दिवशीसारखीच हवा, १८ अंश. तिच्याआधी स्विफ्टची एक जोडधाव घेऊन यंत्र जुळतंय का ते पाहिलं. कालच्या सरासरीपासून फरक ०.१ सेकंदाच्या आत.

अँटेनाच्या बुडाला चुंबक असतं. स्विफ्टच्या पत्र्याला ते पक्कं बसतं, हुराकानच्या ॲल्युमिनियमच्या छतावर ते घसरून जातं. रंगकामाची कागदी टेप चारही बाजूंनी लावली, वायर दाराच्या रबरातून आत. साधी सेलोटेप वापरू नका, डिंक रंगावर राहतो. अँटेना डॅशबोर्डवर ठेवून पाहिली, पण तिरक्या काचेतून अर्धंच आकाश दिसतं आणि एसॲक दुप्पट होतो.

वजन घेताना वर चढाव असलेला काटा उपयोगाचा नाही, पुढचा ओठ घासतो. जमिनीसरशी असलेला खड्ड्यातला काटा शोधावा लागला. चालकासह १,६४० किलो. कंपनीचे १,४२२ हे द्रव, इंधन आणि माणूस न धरता आहेत.

इंजिन आणि गिअरबॉक्सचं तेल गरम होईपर्यंत लाँच कंट्रोल (जोरात सुटण्यासाठीची गाडीतली सोय) गाडी घेतच नाही. शांतपणे पट्टीवर फिरवून तेल आणि टायर तापवले. मग स्टिअरिंगवरच्या बटणाने ‘कोर्सा’ (शर्यतीचा मोड), स्थिरता नियंत्रण बंद, डावा पाय ब्रेकवर, उजव्याने पूर्ण रेस, आरपीएम ठरल्या जागी स्थिरावलं की ब्रेक सोडायचा. पहिल्या धावेत पुरेशा न तापलेल्या मागच्या टायरांनी दगा दिला आणि ०.३ सेकंद जास्त लागला. टायर कोमट झाल्यावर आकडे एकमेकांच्या ०.०५ च्या आत आले. लाँच मोजकेच केले, दोन्हींच्या मध्ये एक पूर्ण फेरी सावकाश.

चढाकडे ३.४२, उताराकडे ३.३८. सरासरी:

० ते ६० : १.८ सेकंद
० ते १०० : ३.४
कापलेलं अंतर सुमारे ५० मीटर

उताराने डिझेलच्या वेळेत ०.८ सेकंदांचा फरक पाडला, हिच्यात ०.०४ चा. कमी ताकदीच्या गाडीला चढउतार आणि वारा जास्त बोचतात, त्यामुळे दोन्ही दिशांची गरज खरी डिझेललाच. ड्युअल क्लचचा गिअर बदल दहा हर्ट्झच्या आलेखात दिसतही नाही.

२०० पर्यंतची मोजणी केली नाही. वेग गाठायला साडेतीनशे मीटरच्या आसपास आणि थांबायला पुढे दोनशे मीटर लागतील, पट्टीच्या कडेला मऊ माती आहे. मालक आणि आम्ही दोघांनीही तो विषय तिथेच सोडला.

१३ जानेवारी : आकडे काय सांगतात

‘डिझेलला टॉर्क असतो, खालून ओढते’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक गॅरेजात ऐकू येतं. टनामागे टॉर्क काढला तर स्विफ्टला १६० आणि हुराकानला ३४१ न्यूटन-मीटर. फरक दुपटीचा. टनामागे ताकद काढली तर ६३ आणि ३७२ पीएस. जवळपास सहापट. मोजलेला वेळ १४.४ आणि ३.४, म्हणजे ४.२ पट. टॉर्कने सांगितलेल्या दोनपेक्षा बराच जास्त, ताकदीने सांगितलेल्या सहापेक्षा कमी.

उत्तर तुकड्यांत आहे. ० ते ६० मध्ये फरक ३.५ पट, ६० ते १०० मध्ये ५.१ पट. वेग वाढतो तसा फरक ताकदीच्या गुणोत्तराकडे सरकतो.

आधी टॉर्कचं बघू. इंजिनावरचे १९० न्यूटन-मीटर रस्त्याला लागत नाहीत, रस्त्याला लागतो तो गिअरमधून आलेला जोर. तो काढायला १०४.७ ला, १,००० आरपीएमला मिळणाऱ्या वेगाने (मीटर प्रति सेकंदात) भागा, टॉर्कने गुणा, आणि वाटेतल्या घर्षणासाठी ०.९ ने गुणा. पहिल्या गिअरमध्ये ७,८६० न्यूटन. दुसऱ्यात ४,२४०. तिसऱ्यात २,७४०. चौथ्यात २,०३०. टॉर्कचा आकडा तोच, जोर चौथ्या हिश्श्यावर आला. आणि डिझेल इंजिन साडेचार हजारांच्या पुढे फिरवण्यात अर्थ नसतो, म्हणून छोटा गिअर लवकर सोडावाच लागतो. पहिला ३४ किमीवरच संपतो. हुराकान आठ हजारांच्या पुढे फिरते, म्हणून ज्या वेगाला डिझेल तिसऱ्यात गेलेली असते तिथे ती अजून खालचा, जोर वाढवणारा गिअर धरून असते. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, ती हीच गोष्ट एका आकड्यात सांगते.

आता उलटी बाजू: इतकी ताकद असून फरक सहापट का नाही? १,१९० किलोला १०० च्या वेगावर आणायला ४५९ किलोज्यूल लागतात. १४.४ सेकंदांत, म्हणजे सरासरी ३२ किलोवॉट, ४३ पीएस. ७५ पैकी ५७ टक्के. हुराकानला ६३३ किलोज्यूल, ३.४ सेकंदांत, म्हणजे १८६ किलोवॉट, २५३ पीएस. ६१० पैकी फक्त ४१ टक्के. ० ते ६० मधला तिचा सरासरी प्रवेग ०.९४ जी आहे, आणि तिथे मर्यादा इंजिनाची नाही, रबराची आहे. चारही चाकं चालवून, ३०५ मिलिमीटर रुंद मागचे टायर लावूनही रस्ता त्याहून जास्त घेत नाही. दोनशे पीएस आणखी दिले तरी पहिल्या ६० किमीत ते वाया जातील.

शंभराला दोन्ही आलेखांचा उतार वाचला. हुराकान ६.३, स्विफ्ट ०.९५ मीटर प्रति सेकंद वर्ग. साडेसहा पट, ताकदीच्या गुणोत्तरापेक्षाही जास्त. कारण ते ४५० न्यूटन: स्विफ्टला पुढे ढकलायला उरतात ११३०, म्हणजे चाकाशी पोचलेल्या जोराचा पावापेक्षा जास्त हिस्सा हवा आणि टायर खाऊन टाकतात. हुराकानच्या दहा हजार न्यूटनांत तेवढी वजाबाकी जाणवत नाही.

दोन्ही फाईली एकाच शून्यावर ठेवल्या की चित्र असं दिसतं: ३.४ व्या सेकंदाला हुराकान १०० वर असते. त्याच क्षणी स्विफ्ट ३४ वर, क्लच दाबलेला, पहिल्यातून दुसऱ्यात जाणारा गिअर मधेच.

२० जानेवारी : राहिलेलं

क्लच तपासला. चौथ्या गिअरमध्ये २,००० वरून पूर्ण रेस दिल्यावर आरपीएम आणि वेगाचं गुणोत्तर ३१.७ वरून हललं नाही, म्हणजे प्लेट सरकत नाही. हीच तपासणी चाचणीच्या आधीही करून ठेवा, नंतर तुलना करता येते.

हुराकानसारख्या गाडीसाठी पुन्हा लॉगर बनवायचा झाला तर निओ-एम९एन घ्या, तो २५ हर्ट्झ देतो. १०० च्या आसपास तिचा वेग दर दशांश सेकंदाला ताशी दोन-सव्वादोन किमीने वाढतो, त्यामुळे शंभराचा क्षण दहा हर्ट्झवरही ठीक निघतो. पण पहिल्या अर्ध्या सेकंदात टायर कुठे सुटतो ते दिसायला पाच बिंदू अपुरे पडतात. निव्वळ डिझेल मोजायची असेल तर एम८एन पुरतो, आणि पीपीएसची वायरही वगळली तरी चालेल. उतार मात्र मोजाच.